पॅड वाजलं नाही

मी, वय ४१ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार सासरच्या घरी तळमजल्यावर. गल्लीत मला सगळे टेलरवहिनी म्हणतात. मला पोलीस ठाण्यात बोलावून घेतल्यावरून मी आज समक्ष हजर राहून विचारल्याप्रमाणे सांगते ते असे की,

आमचं घर दुमजली आहे. वर माझे थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांच्या दोन मुली राहतात. खाली मी, माझे पती आणि सासरे. सासऱ्यांचं वय ७८ आहे. सासूबाई हयात नाहीत. पती कुरिअर कंपनीत नोकरीला आहेत. माझं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. त्याचं दार पार्किंगमध्ये उघडतं.

दीर गाड्यांच्या शोरूममध्ये मॅनेजर आहेत. मागच्या वर्षी त्यांनी विजेवर चालणारी गाडी घेतली आणि पार्किंगच्या फरशीत चार्जिंगचं पॅड बसवून घेतलं. त्याला वायर जोडावी लागत नाही. गाडी पॅडवर नेऊन उभी केली की खालून आपोआप चार्ज होते. मात्र पॅड आणि गाडीच्या मध्ये धातूची वस्तू पडली तर ती तापते. म्हणून अशी वस्तू असली की पॅडला ते कळतं, चार्जिंग थांबतं, लाल दिवा लागतो आणि पिप पिप असा आवाज येतो. हे सगळं पॅड बसवणाऱ्या मेकॅनिकने पहिल्या दिवशी घरातल्या सर्वांना सांगितलं होतं. सासऱ्यांनी त्याला दोनदा विचारून घेतलं होतं.

पॅड वाजलं की दीर वरच्या गॅलरीतून माझ्या पतीला हाक मारत. म्हणत, "तुझ्या बायकोला सांग, टाचण्या उचलायला." दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. आधी मला वाटायचं, तो मान आहे.

मी मशीन थांबवून गाडीखाली वाकून पाहत असे. एकदा टाचणी सापडली, ती माझीच होती. त्यानंतर मी रोज सकाळी दार उघडल्यावर पॅड झाडून लोहचुंबक फिरवत होते. पुढे बाटलीचं झाकण सापडलं, पुतणीची केसांची क्लिप सापडली, एकदा दिरांच्या शोरूमचीच किल्ल्यांची की-चेन सापडली. ती मी जिन्यात जाऊबाईंच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "अगं बाई, ही इथं कशी?" आणि वर गेल्या. पुढच्या वेळी पॅड वाजलं तेव्हा हाक पुन्हा माझ्याच नावाने आली.

दोन महिन्यांपूर्वी दिरांनी एका मोठ्या गिऱ्हाइकाला स्वतःची गाडी दाखवायला नेण्याचं ठरवलं होतं. आदल्या संध्याकाळी गाडी पॅडवर लावून ते वर गेले. मधेच चार्जिंग थांबलं होतं. आम्ही सगळे एका लग्नाला गेलो होतो, त्यामुळे आवाज कोणी ऐकला नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असताना गाडी भर चौकात बंद पडली आणि ओढून न्यावी लागली. दीर घरी आले ते तसेच आमच्या खोलीत आले. पतीला म्हणाले, "गाड्या विकणाऱ्याची गाडी रस्त्यात बंद पडते. लोक तोंडावर हसले माझ्या." पती मान खाली घालून उभे राहिले. गाडीखाली काय होतं ते कोणी पाहिलं नव्हतं. तरी सर्वांचे डोळे माझ्याकडे वळले.

त्याच आठवड्यात दिरांनी मेकॅनिकला बोलावलं. तो दुपारी आला. मी दुकानात हातशिलाई करत होते, दार उघडं होतं. गाडीखाली अंधार असतो म्हणून माझे पती बॅटरी धरून त्याच्याजवळ बसले होते. त्यांचं बोलणं मी स्वतः ऐकलं आहे.

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, बारीक वस्तूही कळावी म्हणून पॅडचं सेन्सर मुद्दाम तेज ठेवलंय. कमी केलं तर लहानसहान काही पडलेलं त्याला दिसणारच नाही."

दीर म्हणाले, "मला गाडी चार्ज करायचीय. अंगणातला कचरा शोधायचा नाहीये."

मेकॅनिक म्हणाला, "घरात म्हातारं माणूस आहे, लेकरं आहेत. मी आपला सांगतोय."

मी दारात येऊन म्हणाले, "आणि काही तापलं तर?"

दिरांनी पतीकडे पाहिलं. म्हणाले, "तिला सांग, तू तुझं शिवण बघ."

पती मला म्हणाले, "तू आत जा." मी आत गेले.

मेकॅनिकने त्यांच्या सांगण्याप्रमाणे करून दिलं. त्या दिवसानंतर पॅड वाजलं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही सुटल्यासारखं वाटलं. दीड महिना कोणी गॅलरीतून हाक मारली नाही. मशीनवर बसलं की निवांत काम व्हायचं.

सासऱ्यांना सकाळचं ऊन घ्यायची सवय आहे. दिरांची गाडी गेली की ते तिच्या जागेवर खुर्ची टाकून बसतात. गेल्या मंगळवारीही बसले होते. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, प्लास्टिकची, मागे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली, ते शालीच्या घडीत ठेवतात. खिशात ठेवा म्हणून मी कितीदा सांगितलं, पण खिशात चष्म्याचं घर असतं. ऊन वर आल्यावर ते आत येऊन पडले. दुपारी दीर जेवायला आले, गाडी पॅडवर लावली आणि वर गेले. चार्जिंग सुरू झालं. पॅड वाजलं नाही.

जेवणानंतर गोळी घ्यायची तेव्हा सासऱ्यांना पट्टी सापडेना. ते काठी घेऊन पार्किंगमध्ये गेले. मी एका बाईंच्या कोटाला अस्तर लावत होते. मला त्यांची काठी फरशीवर घासल्याचा आवाज आला. मी विचारलं, "बाबा, काय शोधताय?" ते म्हणाले, "सापडली, सापडली. तू बस." मग जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि ते ओरडले.

मी बाहेर धावले. ते गाडीच्या कडेला गुडघ्यांवर होते. उजव्या मुठीतून धूर येत होता. त्यांना मूठ उघडता येत नव्हती. शालीचा पदर पेटला होता. मी हातातला कोट त्यांच्यावर टाकून दाबून धरला आणि त्यांना मागे ओढलं. दिरांना हाका मारल्या. ते खाली आले आणि आधी गाडी मागे घेतली. त्यांचं म्हणणं, चार्जिंग बंद करायला घेतली. तसंही असेल.

रुग्णवाहिकेत सासऱ्यांबरोबर मी होते. दीर मागून गाडीने आले. वाटेत सासरे पूर्ण शुद्धीवर होते. मला म्हणाले, "पोरी, माझ्याच गोळ्यांची पट्टी होती ती. काठीने ओढली आणि उचलली. इतकी तापली असेल असं वाटलं नाही. ते वाजलं नाही ना." हे त्यांचे शब्द आहेत. रुग्णवाहिकेतल्या नर्सनेही ऐकले आहेत, तिला विचारावं.

डॉक्टरांनी त्यांच्या तळव्यातून वितळलेलं प्लास्टिक काढलं. टाचणी निघाली नाही. दोन बोटं कापावी लागली.

त्याच संध्याकाळी आपल्याकडचे हवालदार सासऱ्यांचा जबाब घ्यायला रुग्णालयात आले. तेव्हा मी त्यांचे कपडे आणायला घरी गेले होते. खोलीत दीर होते. सासऱ्यांनी काय सांगितलं ते मला काल समजलं. सुनेच्या टाचण्या आणि हूक पार्किंगभर पडलेले असतात, त्यातलंच काहीतरी हाताला लागलं, असं त्यांनी सांगितलं आहे. सासऱ्यांनी थोरल्या मुलाला वाचवले. दिरांचा जबाबही तसाच आहे. पतीचाही तसाच आहे. बॅटरी धरून बसल्याचं पतींनी सांगितलेलं नाही.

काल रात्री पती मला म्हणाले, "तू पण तेच सांग. निष्काळजीपणा म्हणून फार तर दंड होईल. घरातलं घरात राहील." मी म्हणाले, "तुम्ही तिथं होतात ना?" ते म्हणाले, "दादाला मी काय बोलणार?" मग ते कूस बदलून झोपले. त्यांना झोप लागली.

आज सकाळी मी रुग्णालयात सासऱ्यांना भरवायला गेले. उजवा हात बांधलेला आहे, डाव्या हाताने त्यांना जमत नाही. मी विचारलं, "बाबा, असं का सांगितलंत?" ते म्हणाले, "त्याची नोकरी जाईल गं. तुझं काय जाणार आहे?" मग त्यांनी तोंड उघडलं. मी घास दिला. डबा संपेपर्यंत मी भरवत राहिले.

इकडे येण्याआधी मी दुकानात गेले होते. पार्किंगमधलं पॅड काढून नेलेलं आहे. तिथं नवीन फरशी बसवली आहे, सिमेंट ओलं आहे. कोणी काढायला लावलं ते मला ठाऊक नाही. पॅड बसवणाऱ्या मेकॅनिकला विचारावं, त्याला माहीत असेल. त्याचा नंबर मी दिला आहे.

दुकानात झाडल्याशिवाय मी कधी कुलूप लावलं नाही. माझ्या हातून टाचणी पडतच नाही असं मी म्हणत नाही. शिवणाऱ्या बाईच्या हातून टाचणी पडणारच. पण मंगळवारी जे तापलं ते माझं नव्हतं. ज्याने ओळखायला हवं होतं त्याचे डोळे दिरांनी सांगून झाकले, आणि हे दीर, पती, मेकॅनिक आणि मी अशा चौघांना माहीत आहे. माझी दिरांविरुद्ध तक्रार आहे. पती बाहेर बाकावर बसले आहेत, त्यांनी मला तक्रार न देण्याबद्दल सांगितलं आहे. तरी माझी तक्रार आहे. मी कोणाच्या दबावाखाली बोलत नाही. दबावाखाली बोलायचं असतं तर मला वेगळं सांगावं लागलं असतं.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "सासऱ्यांनी खोटे सांगितले" असं लिहिलं गेलं होतं. ते मी खोडायला लावलं आणि "सासऱ्यांनी थोरल्या मुलाला वाचवले" असं लिहून घेतलं. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.