उभी टाकी, उलटी टाकी

सलीमभाईंचा विषय निघाला म्हणून सांगतो. कळमनुरीत आमी दोघं मिळून एसी दुरुस्तीचं दुकान चालवायचो. एकदा दवाखान्यातल्या एसीत मी एकट्यानं मिश्र गॅस भरला, पण खोली काही थंड होईना. बाळंतीण घामाघूम अन् डॉक्टर तापलेले. मी सलीमभाईंना बोलावलं.

ते हळूच म्हणाले, "टाकी उभी काहून ठेवली? यात दोन-तीन गॅस हायेत. उभ्या टाकीतून हलका आधी निघतो, मिश्रण बिघडतं."

त्यांनी आतला सगळा गॅस काढून घेतला, टाकी उलटी करून नवा बराबर वजनानं भरला. खोली गार झाली. मग डॉक्टरांना म्हणाले, "चूक माझी होती, साहेब."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुमी काहून अंगावर घेतली?"

"पाटीवर दोघायची नावं हायेत ना?"

पुढं सलीमभाई वारले. पाटी मी बदलली न्हाई.