गोळ्या कुणाच्या नावावर

(धुळे, देवपूर. हेमलताचं व्हिसाचे फॉर्म भरून देण्याचं दुकान. साक्रीकडच्या गावाहून आलेल्या ताईबाई समोर बसल्यात, शेजारी त्यांची धाकटी जाऊ कुंदाबाई.)

हेमलता : ...म्हणजे मस्कतला आठ महिने. कशासाठी गेल्या होत्या?

ताईबाई : माझा गोपाल तिथं गॅरेजात आहे. सुनेला मूल झालं, बाळाला सांभाळायला गेले होते. परत आले त्याला येत्या माघात दोन वर्षं होतील.

हेमलता : बरं. आता कॅनडाला लेकीच्या बाळंतपणाला. तुमची तर परदेशवारी चालूच आहे, काकू.

ताईबाई : पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे. दिपमालाला येता येत नाही, मग माहेरानंच जायला हवं ना. तिला तिथं दुसरं कोणी नाही.

हेमलता : आता तब्येतीचा प्रश्न. गेल्या दोन वर्षांत...

ताईबाई : नाही म्हण.

हेमलता : वाचू तर द्या. गेल्या दोन वर्षांत तुम्हाला फुप्फुसाचा टीबी झाला होता का, किंवा टीबीच्या माणसाजवळ तुम्ही राहिलात का?

ताईबाई : कुंदा, जाय, समोरून चहा सांगी ये.

कुंदाबाई : आत्तेच पिना ना, अक्का.

ताईबाई : या बाईनी नही पिना.

कुंदाबाई : जास.

हेमलता : मला चहा नको होता. त्यांना बाहेर का पाठवलं?

ताईबाई : तू 'नाही' लिही ना, पोरी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हेमलता : तुम्ही लेकीकडे सहा महिन्यांहून जास्त राहणार, म्हणजे मेडिकल आलंच. मुंबईला छातीचा एक्सरे काढतात. त्यात सगळी मूठ उघडते. जुना डाग दिसला आणि फॉर्मवर 'नाही' असलं, तर खोटं बोललात म्हणून पाच वर्षं दार बंद. झाला होता का?

ताईबाई : ...मस्कतलाच खोकला लागला. सून म्हणाली, बाळाजवळ नको. गोपालनं तिकीट काढलं, म्हणाला, आई, तुला गावचीच हवा मानवेल. इथं आले तर डॉक्टरनं सांगितलं. सहा महिने गोळ्या घेतल्या. आता मी ठणठणीत आहे.

हेमलता : मग यात लपवण्यासारखं काय आहे? 'हो' लिहू, औषध पूर्ण केल्याचा दाखला जोडू. बरा झालेला टीबी काही अडवत नाही. दाखला आहे ना?

ताईबाई : आहे. पण माझ्या नावाचा नाही.

हेमलता : म्हणजे?

ताईबाई : दिपमालाचं तेव्हाच जमलं होतं. मुलगा कॅनडाचा, माणसं मोठी. मुलीच्या आईला क्षय आहे म्हटल्यावर कोण उभं राहतं? मी कुंदाचं आधारकार्ड घेतलं. गॅसच्या कामाला पाहिजे म्हणून सांगितलं. इथं धुळ्यात तेच दाखवलं. फोटोत ती न् मी सारख्याच दिसतो, डोक्यावर पदर, कोण पाहतं? मला वाटलं, गोळ्या घ्यायच्या न् घरी जायचं. सरकारचं माणूस घरापर्यंत विचारायला येईल, हे मला कुठं ठाऊक?

हेमलता : कार्डावर जो पत्ता, तिथं येणारच.

ताईबाई : लग्नाला आठ दिवस होते. आशाताई कुंदाच्या दारात उभी राहिली, गोळ्या चालू आहेत का म्हणून. गल्लीनं ऐकलं.

हेमलता : आणि कुंदाबाई काय म्हणाल्या?

कुंदाबाई : हां म्हनी. म्हनी, चालू शेतस. घ्या, चहा घ्या.

ताईबाई : तू कवय उनी?

कुंदाबाई : आधारकार्डपासून उभी शे. तुम्हना आवाज रस्त्यापर्यंत येस, अक्का.

हेमलता : पण तुम्ही का नाही सांगितलं खरं?

कुंदाबाई : मांडव पडेल व्हता, ताई. दारात मांडव असताना जेठानीला खोटं पाडू? दिपमाला माझ्याच हातची मोठी झाली. म्हटलं, तिचं लग्न होऊन जाऊ दे, मग अक्का स्वतःच सांगतील सगळ्यांना. वाट पाहिली.

ताईबाई : मी सांगणारच होते.

कुंदाबाई : कवय? यंदा उन्हाळ्यात गल्लीत बिबडे केले, ताई, ज्वारीचे पापड. दरसाल पाळीपाळीनं एकेकीच्या घरी करतो आम्ही. मला कोणी बोलावलं नाही. माझ्या हातचं खायचं नाही म्हणे. मी ओट्यावरून पाहत होते. पहिल्या पाटावर कोण बसलं होतं? अक्का.

ताईबाई : कुंदा, बस कर.

कुंदाबाई : मी कुठं काय म्हणते. बिबडे चांगले झाले होते, ममताला ताटात पाठवले होते तुम्ही.

हेमलता : ममता कोण?

ताईबाई : हिची मुलगी. यावलला ठरलं होतं तिचं. केळीवाले, चांगले लोक. त्यांच्या कानावर गेलं, आईला क्षय आहे म्हणून. नारळ परत आला. माझ्या मुलीचं वाचवायला मी हिच्या मुलीचं मोडलं. दीड वर्ष झालं, मला तिच्याकडे वर मान करून पाहता येत नाही. समोरून आली की मी घरात शिरते.

हेमलता : ममताला ठाऊक आहे खरं काय ते?

कुंदाबाई : घरात गोळी नाही, खोकला नाही. पोरगी आंधळी आहे का? ती यावलला जाऊन सांगणार होती. मीच शपथ घातली. आता ती माझ्याशीही कामापुरतंच बोलते.

हेमलता : हे बघा, एकच रस्ता आहे. टीबीच्या ऑफिसला अर्ज करायचा, दोघींचे आधार जोडायचे, नाव दुरुस्त करून घ्यायचं. पण चौकशी होईल, काकू. आशाताई परत येईल, यावेळी तुमच्या दारात. गावाला कळेल.

ताईबाई : आणि नाही केलं तर?

हेमलता : तर दिपमाला एकटी बाळंत होईल.

कुंदाबाई : दाखला मन्ही पेटीमा शे, अक्का. आशाताईनी घर आनी दिधा व्हता. उद्या लई येसू.

ताईबाई : तुला राग नाही येत का गं माझा?

कुंदाबाई : येतो ना. पण दिपमालाचे दिवस भरत आलेत, माझ्या रागाचे नाही.

हेमलता : मी अर्ज टाइप करते. 'रुग्णाचे नाव नजरचुकीने चुकीचे नोंदवले गेले', असं लिहू?

कुंदाबाई : तसंच लिवा. काम लवकर व्हई.

ताईबाई : नजरचूक नको लिहू.

हेमलता : काकू, दुसरं काही लिहिलं तर ते दहा प्रश्न विचारतील. उगाच पायावर धोंडा कशाला?

ताईबाई : विचारू दे. लिही, मी ताईबाई, मला क्षय होता, मला लाज वाटली म्हणून मी जावेचं कार्ड खोटं सांगून घेतलं. तिला काहीही झालेलं नव्हतं. हे शेवटचं ठळक लिही.

हेमलता : ठळक करता येईल. खाली सही.

ताईबाई : सही येत नाही, अंगठा देते. आणि याच्या दोन झेरॉक्स काढ.

हेमलता : ऑफिसला एकच लागते.

ताईबाई : दुसरी घरी न्यायची आहे. कुंदा, ही ममताच्या हातात देसू मी. माले वाचता नही येत. ती वाची ना?

कुंदाबाई : वाची. पन ती वाचस तोवर तुम्ही समोर बठा, अक्का. उठी जाऊ नका.