रायपूरची वाट

शरयू: पडद्याचं ते टोक धर रे श्रीपाद, आणि मान वर कर. रविवारी मुलीकडची मंडळी याच खोलीत बसणार. कचेरीतून आल्यापासून फरशीत काय शोधतोयस?

श्रीपाद: काही नाही, आई. आज साहेब रागावले. चूक माझीच होती.

शरयू: तुझी? तू तर मीठसुद्धा विचारून वाढून घेतोस! काय झालं?

श्रीपाद: छत्तीसगड वेगळं झालं, तसं आमचं रायपूरचं कार्यालयही वेगळं निघालं. दुपारी भोपाळहून तिकडे जाणारी लाइन तोडली. तरी आमचं इथलं ग्वाल्हेरचं मशीन आणि भोपाळचं मशीन एकमेकांना सांगत राहिली, की रायपूरची वाट आहे म्हणून.

शरयू: मशीनं बोलतात?

श्रीपाद: त्यांच्यात एक प्रोग्राम असतो. दिसत नाही, पण अहोरात्र जागा असतो. डीमन म्हणतात त्याला.

शरयू: म्हणजे भूतच की! पगार मिळतो का त्याला?

श्रीपाद: माझ्याइतकाही नाही. त्याच्याजवळ एक तक्ता असतो. कुठल्या गावचा निरोप कोणत्या शेजाऱ्याच्या हाती द्यायचा आणि ते गाव किती टप्प्यांवर आहे, एवढंच त्यात. थोड्या थोड्या वेळानं तो आपला तक्ता शेजाऱ्यांना ऐकवतो. शेजारी त्यात एक टप्पा मिळवतो, आपल्या तक्त्यात उतरवून घेतो आणि पुढच्याला ऐकवतो.

शरयू: स्वतः जाऊन कुणी बघत नाही?

श्रीपाद: नाही. ऐकलेल्यावर विश्वास.

शरयू: अगदी आपल्या वनमाला वन्संसारखं. इंदूरला कुणी शिंकलं, की त्यांच्या फोनवरून झाशीला सर्दी पोचते.

श्रीपाद: म्हणूनच एक नियम आहे. ज्याच्याकडून वाट कळली, त्यालाच ती परत सांगायची नाही. नव्या मांडणीत तो नियम सुरू करायचा माझ्याकडून राहिला. भोपाळची रायपूरकडची लाइन तुटली, तर आमचं मशीन म्हणालं, 'रायपूर? मला ठाऊक आहे.' मुळात ते त्याला भोपाळनंच सांगितलेलं. भोपाळला वाटलं, ग्वाल्हेरकडे दुसरी वाट असेल. मग सगळे निरोप इकडून तिकडे, तिकडून इकडे. दर फेरीला अंतर एकानं वाढत होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याला माहीत आहे.

शरयू: बरं, मिटलं ना आता? हा हूक अडकव. गोविंदला लोंबणारे पडदे खपत नाहीत.

श्रीपाद: आई, दादा रविवारी येणार, हे तुला कुणी सांगितलं?

शरयू: भावजींनी. झाशीहून फोन नव्हता का आला? रायपुरात बस्तान बसलंय, नव्या राजधानीची कामं मिळताहेत, दोन खोल्या घेतल्यात. वन्संनी त्याच्यासाठी मुलगी पाहिलीय म्हटल्यावर येईलच म्हणाले.

श्रीपाद: माधवकाकांना मी आज फोन लावला. त्यांना आत्यानं सांगितलं होतं.

शरयू: मग झालं तर! वन्संशी बोलला असेल. पहिल्यापासून त्यांचाच लाडका.

श्रीपाद: आत्यालाही लावला. ती म्हणाली, 'अरे, वहिनीच तर म्हणाली होती.'

शरयू: मी? काहीतरीच! दोन खोल्यांचं मी बोललेच नाही.

श्रीपाद: खोल्या काकांनी मिळवल्या असतील. राजधानी आत्यानं. तू काय म्हणाली होतीस?

शरयू: दिवाळीत सगळ्यांसमोर वन्संनी विचारलं, गोविंद कसा आहे म्हणून. बाबांच्या तेराव्याला रागानं निघून गेला, आधी फोन तरी यायचा, मग तोही बंद. हे काय चार लोकांत सांगायचं? म्हटलं, मजेत आहे.

श्रीपाद: एवढंच?

शरयू: कोर्टात उभं केल्यासारखं विचारू नकोस. आणि भावजी म्हणाले, गोविंदनं दाढी ठेवलीय, शोभते त्याला. पाहिल्याशिवाय कुणी दाढीचं सांगेल?

श्रीपाद: दाढीचं आत्याला कुणी सांगितलं, आई?

शरयू: सोड तो पडदा. पडू दे.

श्रीपाद: दादाच्या रायपूरच्या घरमालकालाही फोन केला मी. 'वो तो होली से पहले ही चले गए,' म्हणाला. कुठे, ते त्याला ठाऊक नाही. कचेरीतून निघून हजीऱ्याच्या चौकात टेम्पोत बसल्यापासून हेच वाक्य जुळवत होतो. नीट जुळलं नाही.

शरयू: माझंच बोलणं फिरून माझ्याकडे आलं, आणि मी देवापुढे साखर ठेवली रे. दुसऱ्याच्या तोंडून आलं ना, म्हणून खरं वाटलं.

श्रीपाद: मलाही वाटलं. तसं वाटायलाच हवं होतं मला.

शरयू: तुझ्या त्या भुतांचं शेवटी काय झालं? फिरतच राहिली?

श्रीपाद: नाही. सोळाला थांबतात. अंतर सोळावर गेलं, की वाट नाही असं धरायचं, आणि शेजाऱ्यांनाही तसंच सांगायचं.

शरयू: सोळा म्हणजे… संपलं?

श्रीपाद: नाही, आई. गाव असतं जागच्या जागी. फक्त आपल्याकडे तिथली वाट नसते. तिकडून कुणी स्वतः बोललं, की पुन्हा मांडून घेतात. पण खोटी वाट तक्त्यात होती तोवर खरी शोधायला आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.

शरयू: वन्संना फोन लाव. आत्ता लाव, मग माझ्याच्यानं व्हायचं नाही.

श्रीपाद: मी बोलू का?

शरयू: नको. तू बोललास, तर तेही ऐकलेलंच होईल.

(श्रीपाद नंबर फिरवतो आणि रिसीव्हर आईच्या हाती देतो.)

शरयू: वन्सं, मी शरयू. रविवारी त्या मंडळींना येऊ नका म्हणून कळवा… नाही, तब्येती ठीक आहेत सगळ्यांच्या. गोविंद कुठे आहे, मला ठाऊक नाही… हो, मीच म्हणाले होते. तेव्हाही ठाऊक नव्हतं. भावजींनाही सांगा, म्हणजे शोधायला तरी लागू… काय? दाढी? दाढी मला स्वप्नात दिसली होती, वन्सं.