चाँदला समजेल अशा भाषेत

केजच्या बसस्टँडवर माझ्यामागे दोघी बोलत होत्या. त्यातल्या रहेमतबीचा मुलगा चाँद तुरुंगात होता. पुढे काही गुन्हा करील म्हणून आधीच स्थानबद्ध केलेला. मी पुस्तक उघडं धरून ऐकत राहिलो. लिहिण्यात काही चुकलं असेल तर दोष माझ्या कानांचा.

“भेटला का गं चाँद?”

“भेटला, छबुबाई. त्याला कागद दिलेत. धरलं कशापायी, ते सगळं लिहून. त्याला उर्दूच वाचता येती, तर सगळं उर्दूत करून.”

“एकट्या चाँदसाठी?”

“वकीलसाब म्हणले, द्यावंच लागतं. त्याला समजंल अशा भाषेत. सरकार असलं तरी.”

“अगं बाई! आमचे हे तर नुसतेच रुसतेत, कारण कधी सांगत न्हाईत.”

“आता तीन जज बसणार. त्यांना कागदातलं कारण पटलं न्हाई, तर त्याला सोडावंच लागतं.”

“तीन? आपल्या पंक्चरवाल्या चाँदसाठी?”

“हां. तिथं वकील न्हाई चालत. त्याचं त्यानंच बोलायचं.”

“लई मोठी गोष्ट हाय. पण रहेमतबी, कागदातलं खरं हाय का गं?”

“मला भ्या वाटलं, मी इचारलंच न्हाई. ते तिघं इचारणार हायत.”