कंबरेएवढा वाफा

यॉर्कशरमधल्या एका बसथांब्यावर एनिडच्या मागे दोन म्हातारे भांडत होते.

"विल्फ, तुझ्या खताने सगळा घेवडा मुडपला."

"घोड्याची लीद होती, क्लिफर्ड. माझ्या कांद्यांना चालली."

"घोड्यांनी तणनाशक मारलेलं गवत खाल्लं होतं. घेवड्याला ते सोसत नाही."

"आधी कुंडीत दोन बिया लावून बघायच्यास."

"'बिनधास्त भर' कोण म्हणालं? व्हीलचेअरमधून मेव्हिसचा हात पोचावा म्हणून कंबरेएवढा वाफा बांधला मी. तळाला ओंडके घातले, वर तुझं खत. पेरलं तिने स्वतः."

"वाफा उपसून देतो."

"तिला वाटतंय, तिच्या हाताने आता काही उगवत नाही."

"वहिनीला खरं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. म्हणते, समजूत घालतोयस."

बस आली. विल्फ रांगेतून बाहेर पडला.

"चल, मी सांगतो. शिव्या घालायच्या तर मला घालेल ती."