हंड्यावर ठेवलेला हात

मंडळी, कान सगळ्यांना आहेत ना? बघा, चाचपून बघा! आता सांगा — कानावर पडलं म्हणजे ऐकलं का?

इंग्रजीत याला दोन शब्द आहेत. हसू नका, बुवा कीर्तनात इंग्रजी काढतात म्हणून! आमच्या तांबट आळीतली मृणाल शाळेत शिकवते, तिनं मला समजावलं. एक 'हिअर', एक 'लिसन'. हिअर म्हणजे आवाज आपसूक कानावर येतो. कुत्रं भुंकलं — आलं कानावर! आपल्याला काही कष्ट नाहीत. म्हणून 'मी आत्ता हिअर करतोय' असं सहसा कोणी म्हणत नाही. लिसन मात्र करावं लागतं! आणि कोणाचं, ते सांगायचं तर मध्ये 'टू' घालावा लागतो. म्हणजे मन उठून त्या माणसाकडे जायला हवं!

आता या मृणालचीच गोष्ट ऐका. तिची सासू इंदुबाई वारली. तेराव्याला नवऱ्याच्या आत्याबाई म्हणाल्या, "आता घर कोण बघणार? सूनबाई, शाळा पुरे झाली!" आणि नवरा, अजिंक्य? तो मोबाईलमध्ये!

"अहो, मला शाळा नाही सोडायची."

"हं."

"ऐकताय ना?"

"ऐकतोय गं!" — आणि अंगठा चालूच!

झालं! सोमवारी राजीनामा द्यायचा, असं घरानं ठरवून टाकलं.

राहिले सासरे, नारोबा. जन्मभर हंडे ठोकून ठार बहिरे झालेले! मृणाल त्यांच्याजवळ गेली, कानाशी ओरडली, "बाबा, माझी शाळा!"

नारोबा म्हणाले, "चहा नको, आत्ताच झाला!"

हसताय? ती रडत होती, मंडळी.

मग तिनं काय केलं? तांबटाच्या घरची एक रीत आहे. ठोकणाऱ्याला हाक मारायची नाही, भांड्यावर हात ठेवायचा. नाद मरतो, आणि ते त्याच्या हाताला कळतं. इंदुबाई तसंच करायची. नारोबा ठोकत बसले होते, त्या हंड्यावर मृणालनं हात ठेवला. हातोडा थांबला! इंदुबाईनंतर तसा हात कोणी ठेवलाच नव्हता. म्हातारा त्या हाताकडे बघत राहिला. मग मान वर करून त्यानं तिच्या ओठांवर डोळे लावले.

"बोल बाळ. सावकाश बोल."

ती बोलली. सगळं बोलली. म्हाताऱ्यानं नजर हलवली नाही.

मग नारोबा बोलले. बहिऱ्याचं बोलणं ते — आळीभर गेलं! "शाळा सोडायची नाही! भाकऱ्या मी थापीन! पत्र्याला आकार देतो, पिठाला देता येणार नाही होय? अज्या, तू भांडी घास!"

आत्याबाई खिडकीत होत्या, त्या गुपचूप आत गेल्या. सोमवारी मृणाल शाळेत गेली. शिकवायला! आणि भाकऱ्या? कडेला जाड, मध्ये भोक! पण खातात सगळे.

मंडळी, आमची ही गेल्यापासून माझ्या घरात नळ गळतो, तेवढाच काय तो आवाज. 'ऐकताय ना?' असं मला आता कोणी विचारत नाही. तुम्हाला विचारतं ना कोणीतरी? मग आज आरती लवकर करू. प्रसाद घ्या आणि पारावर गप्पा मारत बसू नका. घरी जा. कोणी बोलायला लागलं, तर हातातलं बाजूला ठेवा — आणि त्याच्या तोंडाकडे बघा.