वडील झाले, आजोबा राहिलेत!

नाही, पण मी म्हणतो, माणसानं आपल्या बापाला पाणी द्यायचं की नाही? ...द्यायचं ना? मग मी वेगळं काय केलं? तुम्हाला सांगतो, आपल्या सिद्धेश्वराच्या तळ्यात कुणी पंचा नेसून उभा राहिला तर लोक मान वळवून बघतसुद्धा नाहीत. फार तर म्हणतील, 'काय यज्ञेश्वरराव, आज तिथ वाटतं?' आणि तिकडं अमेरिकेत... नको, नको! तीन वर्षं झाली, अजून विसरलो नाही मी!

इथल्या सोलापूरच्या गिरणीनं धाडलं होतं मला, सूत रंगवायचं काम शिकायला. आता अमेरिका म्हटलं की तुम्हाला न्यूयॉर्कच दिसणार! आमचं तिथलं गाव म्हणजे एक नदी, चार गिरण्या, दोन चर्चं, आणि सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. मी सकाळी बटाटे कुठं घेतले ते दुपारी फोरमन मला सांगायचा! त्यात सन तीसची मंदी. चारातल्या दोन गिरण्यांना कुलपं, आणि त्या महिन्यात दोघा कामगारांनी त्याच नदीत जीव दिलेला. पण हे मला कुणी सांगावं की नाही?

मार्गशीर्ष वद्य पंचमी, वडिलांची तिथ. तीळ मिळेनात, मग पावावरचे नखानं खरवडून काढले, पुडी बांधली, आणि सकाळी निघालो नदीवर. कोट, पाटलोण, बूट, वर घड्याळ, सगळं काठावर नीट घडी घालून ठेवलं, आईची शिस्त ती! आणि उतरलो गुडघाभर पाण्यात. पाणी कसलं, सुऱ्या होत्या सुऱ्या! दात वाजताहेत, डोळे वाहताहेत, दक्षिणेला तोंड करून मी ओंजळीनं पाणी सोडतोय, एकेकाचं नाव घेतोय... एवढ्यात शिट्टी! आणि एक धिप्पाड पोलीस बुटांसकट पाण्यात! मागून कव घालून म्हणतो, 'नको रे पोरा, नको! असं करू नकोस!' आणि मी ओरडतोय, 'अहो सोडा, वडील झाले, आजोबा राहिलेत!' ...भीती वाटेल की नाही? तुम्हीच सांगा!

कोटाच्या खिशात भटजींनी लिहून दिलेला मंत्रांचा कागद होता, मला कुठं पाठ येतंय? पोलिसानं तो उलगडला, डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच म्हणाला, 'चिठ्ठी!' झालं! नेलं मला डॉक्टरकडं. तो विचारतो, 'यात काय लिहिलंय?' म्हटलं, 'मंत्र, आणि माझे वडील, आजोबा, पणजोबा यांची नावं.' 'कुठं असतात हे लोक?' 'वारले.' 'मग तुम्ही त्यांना काय म्हणत होता?' म्हटलं, 'या म्हणत होतो.' त्यानं चष्मा काढला, पुसला, परत चढवला आणि लिहायला लागला... लिहितोय, लिहितोय! 'आठ दिवस नजरेखाली ठेवू, मग ठरवू. वेड्यांच्या इस्पितळात, नाहीतर बोटीत बसवून घरी.' अहो, वेड्याचा शिक्का घेऊन सोलापूरला यायचं? गिरणी उभं करील? आणि घरात बहिणीची, मालतीची सोयरीक चाललेली; वेड्याची बहीण कोण करून घेणार? भीती वाटेल की नाही?

आणि ते आठ दिवस! घरमालकीण मिसेस डोनोव्हन, तिनं माझा वस्तरा नेला, पट्टा नेला, न्हाणीघराची कडी काढली आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. 'गात राहा रे बाळा, म्हणजे तू आहेस हे मला कळेल.' अंगाला साबण लावून मी गणपतीच्या आरत्या म्हणतोय, आणि बाहेर ती डोळे पुसतेय! फोरमननं मला रंगाच्या टाकीजवळ फिरकू दिलं नाही, बसवलं घड्या घालायला. रस्त्यात अनोळखी बायाबाप्ये हात हातात घ्यायचे, 'आम्हाला तू हवा आहेस!' आणि हसायचे. हसणाऱ्या माणसांची एवढी भीती मला जन्मात वाटली नव्हती!

आठव्या दिवशी परत डॉक्टर. मी तीनदा खरं सांगितलं, तर्पण म्हणजे काय, तीळ कशाला, दक्षिण कशाला... जसजसं सांगावं तसतशी त्याची मान जास्तच हलायला लागली. शेवटी रडू फुटलं हो मला, खरं रडू! म्हटलं, 'साहेब, कबूल! मरायलाच गेलो होतो. तुमच्या पोलिसानं वाचवलं, आता नाही मरणार.' तर तो उठला, पाठीवर थाप मारली, 'शाबास! आता तू बरा झालास!' आणि कागदावर सही ठोकली. सुटलो की!

सुटलो कुठला? मिसेस डोनोव्हन पडली आईच्या काळजाची. तिनं आमच्या आईला चार पानी पत्र घातलं, 'तुमच्या मुलानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, त्याला जपा.' आईनं ते नव्या पेठेतल्या इंग्रजीच्या मास्तरांकडून वाचून घेतलं, तेही दोनदा! घरी परत आलो तेव्हापासून मी ओरडून सांगतोय, 'आई, अगं मी खोटं बोललो होतो!' ती माझ्या तोंडावरून हात फिरवते, 'हो रे राजा, जुनं काढू नये.' तळ्याचं नाव काढायची सोय नाही. आमच्याकडचा कोंडीबा सावलीसारखा मागं. 'मालक, त्या बाजूला नगा जाऊ, आईसाब रागवत्यात की!'

आता भीती मला नाही वाटत, घरच्यांना वाटते. परवा वडिलांची तिथ झाली. तर्पण केलं मी. घरात, परातीत. आणि परातसुद्धा कोंडीबानं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती!